खाडीतल्या फ्लायसाठी गळ कसा निवडावा: ठाणे-नवी मुंबईच्या नवशिक्यांसाठी

फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस दोऱ्याने बांधून केलेलं नकली आमिष. ती बांधायला शिकणारा माणूस आधी पिसं जमवतो. रंगीत बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस), कोंबड्याच्या मानेची पिसं, फ्लॅश (चमकणारे धागे), चिकटवायचे डोळे. गळ घेतो सगळ्यात शेवटी, तोही दुकानात असेल तो. गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांना हे चालून जातं, आपल्या खाडीत नाही. इथे पाणी खारं आणि गढूळ, तळाला चिखल, पुलाच्या खांबांवर कालवं, मधूनच वाहत येणारी प्लास्टिकची पिशवी. आणि मासा म्हणाल तर जिताडा किंवा तांबोशी. लागल्यावर पहिली धाव तिवरांच्या मुळांकडे.

त्यामुळे उलट्या क्रमाने चला. मासा कोणता, पाणी कसं, लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा दोरा) किती पौंडी, यावरून गळ ठरवा. गळ ठरला की त्यावर कोणती फ्लाय बसेल ते बघा.

वाशी, बेलापूर, ऐरोली, कोलशेत, घोडबंदर किंवा उरणच्या बाजूला रॉड घेऊन जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कास्टिंग (लाइन फेकणं) थोडंफार जमतं आणि वाइस (बांधताना गळ धरून ठेवणारा शिकंजा) विकत घेतलाय, एवढं गृहीत धरलंय.

जवळ काय असावं

- मोठा गळ (२/० पर्यंत) घट्ट धरणारा वाइस. स्वस्त वाइसचे जबडे ट्राउटच्या गळांसाठी असतात, जाड तारेवर ते घसरतात.
- चपट्या तोंडाची छोटी पक्कड
- बारीक कानस
- मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी
- भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा
- पारदर्शक नेलपॉलिश
- सिलिका जेलच्या पुड्या (नव्या चपला-बुटांच्या खोक्यात येतात त्या टाकू नका)
- कास्ट करताना घालायला चष्मा. हा ऐच्छिक नाही.

१. गळाचे भाग ओळखा

दोरा बांधायचं छिद्र म्हणजे नेढं. त्यापुढचा सरळ भाग दांडा, याच्यावर आपण फ्लाय बांधतो. मग बाक, शेवटी टोक, आणि टोकाच्या आत उलटा काटा. दांडा आणि टोक यांच्यामधल्या मोकळ्या जागेला सगळे गॅपच म्हणतात, आपणही तेच म्हणू. पुढे सारखा उल्लेख येईल तो या गॅपचा.

२. आकड्यांच्या घोळात अडकू नका

८, ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होतो. १ च्या पुढे गणित फिरतं: १/०, २/०, ३/० असा आकडा चढतो आणि गळही वाढतो. १/० ला दुकानदार ‘वन-ऑट’ म्हणतात. फोनवरून मागवताना ‘वन’ आणि ‘वन-ऑट’ यात हमखास गफलत होते, म्हणून लिहूनच पाठवा.

पाकिटावर एक्स दिसला तर तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी असू शकतो. ‘टू-एक्स स्ट्राँग’ म्हणजे तार नेहमीपेक्षा जाड, दोन नंबर मोठ्या गळाला असते तेवढी. ‘टू-एक्स लाँग’ म्हणजे दांडा लांब, दोन नंबर मोठ्या गळाइतका. ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड.

मुख्य सापळा असा की हे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. एकीचा १/० दुसरीच्या १/० शेजारी ठेवला तर गॅपमध्ये नजरेला दिसेल एवढा फरक निघतो. म्हणून कोणी ‘१/० वर बांध’ म्हणालं तर ‘कुठल्या मॉडेलचा?’ हे विचारायचंच. घरी पट्टीने गॅप मोजून पाकिटावर पेनने लिहून ठेवा. पुढच्या खरेदीला हा आकडा छापील नंबरापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

३. मासा ठरवा

*जिताडा:* १/० ते ३/०, तार जाड. हा भक्ष्याला चावत नाही, तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्यामुळे दांडा लांब असायची गरज नाही. आखूड दांडा आणि मोठा गॅप जास्त चांगला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, हाताला आणि लीडरला दोन्हींना कापते.

*तांबोशी:* १/० किंवा २/०, तार जाडच. तांबोशी आकाराने लहान असली तरी तार बारीक घेऊ नका. ती मुळांत शिरायच्या आत थांबवायची तर ओढ द्यावी लागते, आणि त्या ओढीने बारीक गळ सरळ होतो.

*रावस:* २ ते १/०. याचं तोंड नाकाडाच्या खाली, पोटाच्या बाजूला असतं. कोळंबी आणि छोटे मासे खातो. मध्यम तार पुरते.

*शिंगाळा:* याच्यासाठी वेगळा गळ लागत नाही, तो न बोलावता येतो. पंखांचे काटे विषारी असतात, त्यामुळे सोडवताना हात नाही, पक्कड.

*बोय:* कळपाने उड्या मारताना दिसतात आणि नवशिका त्यांच्यामागे दिवस घालवतो. बोयचं खाणं म्हणजे शेवाळ आणि चिखलातला गाळ. तो नाद सुरुवातीला सोडा.

इथे एक सूचना. यूट्यूबवर बघून बांधलेल्या फ्लाय तिकडच्या माशांसाठी असतात. क्रेझी चार्लीचं उदाहरण घ्या. ती बहामाच्या उथळ, काचेसारख्या स्वच्छ पाण्यातल्या बोनफिशसाठी तयार झाली, त्यामुळे ४ ते ८ नंबरच्या गळावर बांधलेली दिसते. तोच गळ तांबोशीपुढे टाकणं म्हणजे फ्लाय दान करणं. क्लाउझर मिनो ही फ्लाय तर मुळात अमेरिकेतल्या ससक्वेहाना नदीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या बाससाठी बांधली गेली. ती आपल्या खाडीत उत्तम चालते, पण गळ बदलून. फ्लायची रचना उचला, गळाचा नंबर उचलू नका.

४. तार आणि लीडर यांची जोडी जमवा

जाड तार म्हणजे मजबूत, मग सगळीकडे जाडच घेऊ, असं वाटतं. पण जाड तार माशाच्या टणक जबड्यात घुसवायला जोर लागतो, आणि तो जोर तुमच्या लीडरमधूनच जाणार. १२ पौंडी टिपेट (लीडरचा शेवटचा बारीक भाग) आणि थ्री-एक्स स्ट्राँग गळ अशी जोडी केली तर गळ काट्यापर्यंत आत जायच्या आधी टिपेट तुटतो. उलट ३० पौंडी लीडरला बारीक तारेचा गळ लावला तर लीडर टिकतो आणि गळ उघडतो.

सर्वसाधारणपणे १२ ते १६ पौंडाला नेहमीची तार, २० पौंडाच्या पुढे जाड. आठ वेटच्या रॉडवर (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा आकडा) २/० च्या वर जाऊ नका. गळाचं वजन आणि भिजलेली पिसं मिळून कास्ट कोलमडतो आणि फ्लाय मानेत बसते. ३/० वापरायचाच असेल तर नऊ किंवा दहा वेटचा रॉड हवा.

मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही, डाव्या हाताने लाइन सरळ खेचायची. रॉड वाकला की सगळा जोर तोच खातो आणि गळापर्यंत काहीच पोचत नाही. जाड गळ वापरणाऱ्याने तर ही सवय आधी लावावी, नाहीतर गळाला उगाच दोष जातो.

५. धातू: इथे घाई करू नका

खाऱ्या पाण्यासाठी साधारण तीन पर्याय समोर येतात.

ब्राँझ रंगाचा तपकिरी गळ गोड्या पाण्याचा आहे. तो घेऊच नका. एका फेरीनंतर गंजतो, आणि गंजाचा पिवळा डाग पांढऱ्या बकटेलमध्ये उतरतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं म्हणण्यापेक्षा उशिरा गंजतं म्हणा. मुस्टाडचा ३४००७ हा यातला जुना, माहितीतला गळ: सरळ नेढं, ओ’शॉनेसी नावाच्या आकाराचा बाक, तार भरपूर. टिएम्कोचा ८११एस हाही स्टेनलेसच. स्टेनलेसचं टोक पाकिटातून काढल्यावर बऱ्याचदा हवं तितकं तीक्ष्ण नसतं, पण कानसीने धार लावता येते आणि धार लावलेली जागा गंजत नाही. नवशिक्याला मी हाच सुचवतो.

तिसरा प्रकार म्हणजे हाय-कार्बन पोलादावर टिनचा किंवा निकेलचा मुलामा. गामाकात्सुचा एससी१५ आणि एसएल१२एस या घरातले. टोक अफलातून तीक्ष्ण. पण मुलामा आहे तोवरच संरक्षण. वाइसच्या जबड्याने ओरखडा पडला, काटा चेपताना कपची उडाली किंवा टोकाला कानस लागली की तिथून गंज सुरू. त्यामुळे हे गळ वाइसमध्ये बेताने आवळा, काटा चेपल्यावर त्या जागी नेलपॉलिशचा एक थेंब लावा आणि रासायनिक पद्धतीने धार केलेल्या टोकाला शक्यतो कानस लावूच नका. बोथट झालं तर फ्लाय बाद.

‘स्टेनलेस आहे साहेब’ असं सांगून सुटे गळ विकणारे भेटतात. लोहचुंबकाने खरं-खोटं होत नाही, कारण स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात. त्यापेक्षा घरी बघा. काचेच्या पेल्यात जाड मीठ घालून पाणी करा. गळाला दोरा बांधून तो असा लटकवा की अर्धा पाण्यात आणि अर्धा वर राहील, आणि पेला खिडकीत ठेवून द्या. पाण्याच्या रेषेवर, जिथे हवा आणि मीठ दोन्ही मिळतं, तिथे आधी तांबूस कडा दिसते. दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं दिसलं तर तो गळ कसला होता ते कळलं. शंभराचं पाकीट घ्यायच्या आधी एक गळ मागून ही परीक्षा करा.

आणखी एक बाजू आहे. दोरा तुटला तर स्टेनलेसचा गळ माशाच्या तोंडात फार काळ राहतो. मासे सोडून देणारे बरेच जण याच कारणाने मुलाम्याचा, काटा चेपलेला गळ पसंत करतात. माझा कल मुळांजवळ मुलाम्याकडे आणि मोकळ्या पाण्यात स्टेनलेसकडे आहे, कारण लीडर तुटतो तो मुळांजवळच.

६. नेढं आणि बाक

नेढं सरळ हवं, खाली किंवा वर झुकलेलं नको. लूपची गाठ सरळ नेढ्यातच मोकळी खेळते. तारेचं टोक जिथे वळून परत दांड्याला टेकतं तिथली फट भिंगाखाली बघा. फट राहिली असेल तर तिथे लीडर कापला जातो. बाकाच्या दोन्ही बाजू चेपून चपट्या केलेला, म्हणजे फोर्ज्ड गळ सहज उघडत नाही.

वरून बघा: टोक दांड्याच्या रेषेत आहे, की बाजूला वळलंय? आपल्याकडच्या दुकानांत आमिषाचे गळ असतात आणि त्यातले पुष्कळ असे बाजूला वळलेले असतात. कोळंबी लावायला ते छान, फ्लायला नाही. खेचताना फ्लाय गरगर फिरते आणि लीडरला पीळ पडतो. याच दुकानांत काही गळांना नेढंच नसतं, दांड्याचं टोक फक्त चपटं केलेलं असतं. तेही सोडा. आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुकही सुरुवातीला नको. त्याला झटका द्यायचा नसतो आणि आपण चौथ्या भागात लाइन हाताने खेचायला शिकलोय.

७. गॅप: फ्लाय बांधून झाल्यावर किती उरला?

रिकाम्या गळाचा गॅप बघून समाधान मानू नका. मासा अडकतो तो बांधून झाल्यावर उरलेल्या गॅपमध्ये.

पट्टी घ्या. समजा रिकाम्या गळाचा गॅप १२ मिलिमीटर आहे. त्यावर फोमचा पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) बसवला आणि फोम दांड्याच्या खाली ४ मिलिमीटर आला, तर उरले ८. इथपर्यंत ठीक. फोम ७ मिलिमीटर खाली आला तर उरले ५, म्हणजे मासा फ्लाय तोंडात घेईल, जबडा फोमवर दाबला जाईल आणि टोक कुठेच लागणार नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, ‘मासा नुसता ढुशी मारून गेला.’ माझा ढोबळ नियम: निम्म्याहून कमी उरला तर फ्लाय कापून गळ वाचवावा, दोन तृतीयांश उरला तर उत्तम.

गॅप खाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: फोम, कातरून गोल केलेले हरणाचे केस, पोटाखाली ओघळलेला इपॉक्सी, आणि चुकीच्या बाजूला बांधलेले शिशाचे डोळे. अशा जाड अंगाच्या फ्लायसाठी वाइड-गॅप गळ घ्या. डिसिव्हरसारख्या सडपातळ, पिसांच्या फ्लायला नेहमीचा गॅप पुरतो. कोळंबीसारख्या फ्लायचं अंग दांड्याच्या वरच्या बाजूला जाड करा, खालून फक्त दोऱ्याचा थर.

दांड्याबद्दल थोडं. लांब दांडा दिसायला ऐटबाज, आणि पॉपर किंवा इपॉक्सीच्या बारीक फ्लायला लागतोही. पण मासा डोकं हलवतो तेव्हा लांब दांडा तरफेसारखा काम करून गळ सैल करतो. गरज नसेल तर नेहमीचा किंवा आखूड घ्या.

८. चिखल, मुळं आणि पिशव्या

ठाण्याच्या खाडीत टोक खाली ठेवून फ्लाय ओढली तर जिताड्याआधी पिशवी लागते. म्हणून टोक वर करून पोहणाऱ्या फ्लाय बांधा. क्लाउझरमध्ये दांड्याच्या वर बांधलेल्या जड डोळ्यांमुळे गळ आपोआप उलटा होतो. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जोरात वाहतं तेव्हा हे वजन उपयोगी पडतं. भांगाला पाणी संथ आणि त्यातल्या त्यात निवळ असतं, तेव्हा हलकी बेंडबॅक, म्हणजे दांडा किंचित वाकवलेल्या गळावरची टोक वर ठेवून पोहणारी फ्लाय, चालते.

बेंडबॅकसाठी खास गळ मिळतात, पण सरळ दांड्याच्या स्टेनलेस गळाचाही होतो. नेढ्यामागे दांड्याचा साधारण पाव भाग सोडून पकडीत धरा आणि नेढं टोकाच्या बाजूला अगदी किंचित झुकवा. नजरेला जेमतेम कळेल एवढंच. जास्त वाकवलं तर टोक आणि नेढं एका रेषेत येतात, मग फ्लाय तिवरांतूनही सुटते आणि माशाच्या तोंडातूनही. कार्बन पोलादाचा गळ असा वाकवू नका, तुटतो. स्टेनलेस वाकवतानाही चष्मा घाला.

दुसरा उपाय म्हणजे वीस पौंडी तंगुसाचा फास टोकापुढे बांधणं. त्याचं मागचं टोक बाकाजवळ सगळ्यात आधी बांधावं लागतं, म्हणून गळ वाइसमध्ये लावतानाच ठरवा.

९. काटा चेपा, टोक तपासा

काटा फ्लाय बांधायच्या आधी चेपा. चेपताना गळ तुटला तर गळच जातो, अर्ध्या तासाची मेहनत जात नाही. पकडीचे जबडे टोकाच्या रेषेत धरा, आडवे नको, आणि एकदम न दाबता दोन-तीन वेळा हळू दाबा.

टोकाची परीक्षा दिवाळे गावाच्या जेट्टीवर एका कोळी काकांनी माझ्यादेखत केली तशी करा. त्यांनी माझ्या हातातली फ्लाय घेतली. पिसांकडे बघितलंही नाही. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून तिरकं ओढलं, ते सरकलं, नखावर एक पांढरी रेघसुद्धा उठली नाही. ‘बोथट हाय यो,’ म्हणून फ्लाय परत दिली. टोक नखात रुतून थांबलं पाहिजे. सरकलं तर स्टेनलेसला कानशीचे दोन-तीन हलके हात, एकाच दिशेने. खांबावरच्या कालवांना गळ घासला की लगेच नखावर बघा, घरी जाईपर्यंत थांबू नका.

१०. पहिली खरेदी

दहा मॉडेलांची दहा पाकिटं घेऊ नका. सुरुवातीला एवढं पुरे:

- स्टेनलेस, सरळ नेढं, नेहमीचा दांडा: नंबर २ आणि १/०
- मुलाम्याचा वाइड-गॅप, आखूड दांडा: १/० आणि २/०

क्लाउझर, डिसिव्हर, बेंडबॅक आणि एखादी कोळंबी, सगळं यात बसतं. फ्लायचे खरे गळ बहुतेक ऑनलाइनच घ्यावे लागतात. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा आणि दोघा-तिघांत मिळून मागवा. नावाजलेल्या ब्रँडचं पाकीट संशयास्पद स्वस्त मिळालं तर आतले पाच गळ एकमेकांवर ठेवून बघा. बाक सारखे जुळले नाहीत तर परत करा.

११. साठवण

खाडीवरून आल्यावर वापरलेल्या फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओली फ्लाय डबीत गेली की शेजारच्या कोऱ्या फ्लायही गंजतात. स्टेनलेस आणि मुलाम्याचे गळ ओले असताना एकत्र ठेवू नका. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकले की मुलाम्याचा लवकर खराब होतो. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे गळांचं काय सांगावं. जूनच्या आधी सगळी पाकिटं सिलिका जेलसह हवाबंद डब्यात टाका.

१२. जायच्या आधी

ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान खाडीचा मोठा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात आहे आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही. तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय रॉड काढू नका. जेट्टीवर जाल तर आधी तिथल्या कोळी बांधवांना विचारा, आणि डोल जाळी लावलेल्या दिशेला कास्ट करू नका. त्यांच्या जाळ्यात तुमचा गळ म्हणजे त्यांच्या हाताला जखम.

गळ बोटात गेला आणि काटा चेपलेला असेल तर तो आला त्याच वाटेने निघतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बराच काळ झाला असेल तर त्याच दिवशी घ्या, खाडीचं पाणी स्वच्छ नाही. काटा तसाच असेल, किंवा गळ डोळ्याजवळ लागला असेल, तर तिथे ओढाताण करू नका. लीडर कापा, गळ आहे तसा ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.